नॅनो पावडर हाताळताय? खर्च किती, आणि तो कोणाचा?

रंग, रबर, कोटिंग, सनस्क्रीन, बॅटरी. यांपैकी कुठल्या कारखान्यात तुम्ही कोरडी, भुरभुरीत पावडर गोणीतून काढत असाल, तर गोणीवरचे लेबल आजच वाचा. टायटॅनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइड, चांदी किंवा कार्बन नॅनोट्यूब असेल आणि कण 100 नॅनोमीटरपेक्षा लहान असतील, तर ते श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात.

तुमच्या खिशातून: शून्य

मास्क, हातमोजे, संरक्षक कपडे, कामासाठीची वैद्यकीय तपासणी यांचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत. कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 114 मध्ये सुरक्षा साधनांसाठी हीच मनाई होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ती आहे, आणि तिथे तपासणीचाही स्पष्ट उल्लेख आहे. तुम्ही ठेकेदाराकडे असलात तरी ‘सेफ्टी’ किंवा ‘मेडिकल’ या नावाने होणारी कपात मान्य करू नका. ईएसआयसीची 0.75 टक्के कपात मात्र कायदेशीर आहे, ती चालू राहू द्या.

आधी कागद मागा

सुपरवायझरकडे मालाचे सुरक्षा माहितीपत्रक, म्हणजे एमएसडीएस, मागा. ते पाहणे तुमचा हक्क आहे. विभाग 9 मध्ये कणाचा आकार पाहा, विभाग 8 मध्ये हवेतील मर्यादा. इथेच फसगत होते. साध्या आणि नॅनो टायटॅनियम डायऑक्साइडचा सीएएस क्रमांक, म्हणजे रसायनाचा ओळख क्रमांक, एकच असतो, त्यामुळे आकार लिहिलेला नसेल तर पुरवठादाराकडून लेखी मागवा. नॅनोट्यूबच्या काही पत्रकांत ग्रॅफाइटची मर्यादा छापलेली आढळते: घनमीटरला 2 मिलिग्रॅम. अमेरिकेच्या नायोश संस्थेने 2013 मध्ये नॅनोट्यूबसाठी सुचवलेली मर्यादा आहे 1 मायक्रोग्रॅम, म्हणजे दोन हजार पटींनी कडक. नॅनो टायटॅनियम डायऑक्साइडसाठी तिची शिफारस 0.3 मिलिग्रॅम आहे. हवेतील मर्यादांच्या भारतीय तक्त्यात नॅनो आकारासाठी वेगळा आकडा नाही, म्हणून मालकाशी बोलताना हे आकडे जवळ ठेवा.

मालकाने कशावर खर्च करावा

क्रम महत्त्वाचा. पावडर उडूच न देणे पहिले, मास्क शेवटचा. खालचे दर अंदाजे आहेत, कोटेशन घ्या.

सर्वांत स्वस्त उपाय: कोरड्या पावडरऐवजी तोच माल पेस्ट, स्लरी किंवा मास्टरबॅचच्या रूपात मागवणे. किलोमागे दर वाढतो, पण उडणारी धूळ जवळजवळ संपते.

वजन करायला, गोणी ओतायला हवा ओढून गाळणारा बंदिस्त कक्ष: लाखाच्या पुढे. तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला साधारण 0.4 ते 0.6 मीटर हवा. जास्त वेगाने पावडर उलट बाहेर फेकली जाते. पंखा लावून ‘व्हेंटिलेशन’ दाखवत असतील तर तो बंद करायला सांगा.

हेपा फिल्टरचा औद्योगिक व्हॅक्यूम: 40 हजारांपासून पुढे. घरगुती व्हॅक्यूम बारीक कण मागून बाहेर सोडतो. झाडू आणि कॉम्प्रेसरची हवा पूर्ण बंद, ओले पुसणे चालू. ॲल्युमिनियमसारखी पेट घेणारी पावडर असेल तर स्फोटरोधक व्हॅक्यूमच हवा.

मास्क: आयएस 9473 चा एफएफपी2 किंवा एन95, 50 ते 150 रुपये, पाळीला एक. रोजचे काम असेल तर रबरी अर्धमुखी मास्क, 1,000 ते 2,000 रुपये. लपलेला खर्च फिल्टरचा: जोडीला काही शे रुपये, आणि श्वास जड लागला की नवी जोडी. सर्जिकल मास्क, रुमाल, फक्त वासासाठीचा कार्बन मास्क उपयोगाचे नाहीत. मास्क चेहऱ्यावर घट्ट बसतो का हे पाहणाऱ्या फिट टेस्टला 15–20 मिनिटे लागतात, ती मागून घ्या. दाढी असेल तर मास्कच्या कडा नीट बसत नाहीत.

नायट्राइल हातमोजे: शंभराचा खोका 350 ते 700 रुपये. कामाचे कपडे कारखान्यातच धुतले गेले पाहिजेत. घरी नेलेत तर पावडर मुलांपर्यंत जाते.

तपासण्या

फुप्फुसाची स्पायरोमेट्री: खासगीत 500 ते 1,500 रुपये, 15–20 मिनिटे. काम सुरू करण्याआधी एकदा, नंतर दर वर्षी. पहिला अहवाल नसेल तर पुढची घट दाखवता येत नाही. फुंकर न मारता ‘फिट’चा शिक्का मिळाला, तर तपासणी झालेलीच नाही. सही करू नका.

हवेची तपासणी कारखान्याने करून घ्यायची. मुंबईत सायनला केंद्रीय श्रम संस्था आहे. नमुना पूर्ण पाळीचा आणि कामगाराच्या नाकाजवळ घेतलेला हवा. नॅनोट्यूब असतील तर ‘एलिमेंटल कार्बन’ची चाचणी मागा. नुसत्या धुळीच्या वजनात ते दिसत नाहीत.

ऐकले नाही तर

आधी व्यवस्थापनाला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मग महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या तुमच्या विभागातील कार्यालयात तक्रार करा; गोव्यात कारखाने व बाष्पक निरीक्षणालय, आल्तिनो, पणजी. एजंटला पैसे देऊ नका. सोबत लेबलचा फोटो, एमएसडीएस, नेमणूकपत्र, पगारपत्रक जोडा. नाव गुप्त ठेवावे, हे अर्जातच लिहा.

पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल तर ईएसआयसी कार्ड चालू आहे का, ते तपासा. आजार कामामुळे झाल्याचे मान्य झाले, तर तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या 90 टक्के मिळतात. त्यासाठी डॉक्टरांना तुम्ही कोणती पावडर, किती वर्षे हाताळली ते सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. नोकरी सोडतानाही सगळ्या तपासण्यांच्या प्रती मागून घ्या. फुप्फुसाचे आजार अनेकदा वर्षांनी उघड होतात, आणि तेव्हा पुरावा तुमच्याच हातात असायला हवा.