सामायिक फाइल, सामायिक जबाबदारी : लघुउद्योगातील सर्व्हरची मांडणी

भारतातील लघुउद्योगांत संगणकाचा प्रवेश बहुधा हिशेबनिसाच्या टेबलावरून झाला. पुढे विक्री विभागात दुसरा, भांडारात तिसरा, अशी गरजेनुसार भर पडत गेली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटी रुपयांहून अधिक उलाढाल असलेल्या व्यावसायिकांना आपसांतील व्यवहारांसाठी ई-इन्व्हॉइस अनिवार्य झाले. परिणामी उद्योगाचे जवळजवळ सर्व दप्तर संगणकात आले, पण ते अनेकदा सुट्या संगणकांत विखुरलेले असते. एकच दरपत्रक चार संगणकांवर चार रूपांत असते आणि ते पेन ड्राइव्हवरून फिरते. जुन्या दराने निविदा भरली गेली, तर त्याचा भुर्दंड उद्योगालाच सोसावा लागतो.

यावरचा परिचित उपाय म्हणजे सर्व संगणक एका नेटवर्कमध्ये जोडून फाइली एका सर्व्हरवर ठेवणे. हे काम बहुधा तंत्रज्ञावर सोपवून मालक मोकळा होतो. वस्तुतः त्यातील महत्त्वाचे निर्णय तांत्रिक नसून व्यवस्थापकीय असतात. कोणती माहिती कोणी पाहावी, कोणी बदलावी आणि ती नष्ट झाल्यास कामकाज किती काळ थांबू शकते, या प्रश्नांची उत्तरे मालकालाच द्यावी लागतात.

फायदा सर्वांचा, धोकाही सर्वांचा

सामायिक व्यवस्थेचा लाभ जसा सर्वांना मिळतो, तसा तिच्यातील दोषही सर्वांपर्यंत पोहोचतो. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर सॉफ्टवेअरने सुमारे दीडशे देशांतील संगणक ग्रासले. विंडोज संगणकांत फाइली वाटून घेण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एसएमबी या संकेतप्रणालीच्या जुन्या आवृत्तीतील उणिवेतून ते पसरले. मायक्रोसॉफ्टने या उणिवेची दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच उपलब्ध करून दिली होती. ती न बसविलेले संगणक बळी पडले. त्यांत केरळातील काही ग्रामपंचायतींचे आणि आंध्र प्रदेश पोलिसांचे संगणकही होते.

पुढच्याच महिन्यात, २७ जून रोजी, ‘नॉटपेट्या’चा हल्ला झाला आणि नवी मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. हे सॉफ्टवेअर एका संगणकातून व्यवस्थापकाचा सांकेतिक शब्द हस्तगत करून दुरुस्ती केलेल्या संगणकांतही शिरत होते. दुरुस्ती वेळेवर बसविणे हा पहिल्या घटनेचा धडा, तर सर्वाधिकार असलेले खाते दैनंदिन कामासाठी न वापरणे हा दुसऱ्या घटनेचा धडा होय.

पत्त्यांची शिस्त

समजा, सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्यात वीस संगणक आहेत. प्रत्येकाला नेटवर्कमध्ये स्वतंत्र पत्ता लागतो. खासगी नेटवर्कसाठी तीन पत्तामालिका राखून ठेवलेल्या असून त्यांपैकी १९२.१६८ ने सुरू होणारी मालिका छोट्या कार्यालयांत सर्रास वापरली जाते. सर्व्हर आणि प्रिंटर यांचे पत्ते कायम असावेत. सर्व्हरचा पत्ता बदलत राहिला, तर इतरांना तो सापडेनासा होतो. उरलेल्या संगणकांना पत्ते आपोआप देणारी डीएचसीपी सेवा पुरेशी असते. ही सेवा एकाच ठिकाणाहून चालावी. ब्रॉडबँडचा राउटर आणि सर्व्हर दोघेही पत्ते वाटू लागले, तर काही संगणकांना सर्व्हर दिसतो, काहींना दिसत नाही, आणि दोष मात्र केबलला दिला जातो.

वेगाचाही विचार हवा. शंभर मेगाबिट क्षमतेच्या जुन्या स्विचवरून एक गिगाबाइटची फाइल जाण्यास किमान ८० सेकंद लागतात. गिगाबिट स्विचवर तेच काम आठ-दहा सेकंदांत होते. रेखाचित्रांच्या मोठ्या फाइली दिवसभर उघडणाऱ्या कारखान्यात हा फरक कामाच्या तासांत मोजावा लागतो. पाहुण्यांचे वाय-फाय आणि सीसीटीव्ही कॅमेरे मात्र सर्व्हर असलेल्या नेटवर्कपासून वेगळे ठेवणे इष्ट.

कोणाला काय दिसावे?

फाइल-वाटपाचा गाभा अधिकारांच्या वाटपात आहे. अडचण टाळण्यासाठी ‘सर्वांना पूर्ण नियंत्रण’ देऊन टाकण्याची पद्धत सर्वत्र आढळते. त्यामुळे भांडारातील कर्मचारी वेतनपत्रक पाहू शकतो आणि प्रशिक्षणार्थी ताळेबंद पुसू शकतो. याहून गंभीर बाब अशी, की खंडणीखोर सॉफ्टवेअर ज्या कर्मचाऱ्याच्या संगणकात शिरते, त्याचेच अधिकार ते वापरते. ज्या सामायिक फाइली बदलण्याचा अधिकार त्याला आहे, त्या सर्व कुलूपबंद होतात. म्हणजेच अधिकारांची व्याप्ती ही संभाव्य हानीचीही व्याप्ती असते.

यासाठी अधिकार व्यक्तीला न देता गटाला द्यावेत. हिशेब, विक्री, उत्पादन आणि भांडार असे गट करून प्रत्येकाचे फोल्डर स्वतंत्र ठेवावे. दरपत्रक विक्री विभागाने बदलावे, उत्पादन विभागाने केवळ वाचावे. कर्मचाऱ्याची बदली झाली, की त्याचा गट बदलावा. नोकरी सोडली, की खाते त्याच दिवशी बंद करावे. विंडोज सर्व्हरवर अधिकारांचे दोन स्तर असतात : एक वाटप केलेल्या फोल्डरचा आणि दुसरा डिस्कवरील फाइलीचा. नेटवर्कवरून येणाऱ्यास या दोहोंपैकी अधिक कडक असलेला अधिकार लागू होतो. हे ठाऊक नसल्याने अनेक तंत्रज्ञ ‘अधिकार देऊनही फाइल उघडत नाही’ म्हणून अखेर सर्व दारे खुली करतात.

सामायिक संसाधनांवरील संशोधनासाठी २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळविणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी कुरणे व जलसिंचन यांबाबत जे निष्कर्ष मांडले, ते येथेही मार्गदर्शक ठरतात. वापरकर्ते निश्चित असावेत, नियम स्पष्ट असावेत आणि देखरेख असावी. यांच्या अभावी सामायिक संपत्ती झिजत जाते.

खर्च आणि निवड

सॉफ्टवेअरचा खर्च हा अडसर मानण्याचे कारण नाही. लिनक्सवर चालणारे ‘सांबा’ हे मुक्त सॉफ्टवेअर विंडोज संगणकांना फाइली पुरवू शकते आणि त्यास वापरकर्त्यागणिक परवाना लागत नाही. विंडोज सर्व्हरसाठी असे परवाने घ्यावे लागतात. मात्र तो हाताळणारा तंत्रज्ञ छोट्या शहरांतही सहज मिळतो. निवड करताना खरेदीच्या किमतीबरोबर देखभालीचा खर्च हिशेबात धरणे अगत्याचे आहे. कोणताही पर्याय निवडला, तरी एसएमबीची पहिली आवृत्ती बंद असावी आणि फाइल-वाटपाचे ४४५ क्रमांकाचे पोर्ट इंटरनेटसाठी कधीही खुले करू नये. घरून काम करणाऱ्यांसाठी व्हीपीएनचा सुरक्षित मार्ग उपलब्ध आहे.

प्रती आणि कायदा

दोन डिस्कवर एकाच वेळी माहिती लिहिणारी रेड व्यवस्था म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्क बिघडली तर ती उपयोगी पडते. फाइल चुकून पुसली गेली, तर ती दोन्ही डिस्कवरून पुसली जाते. माहितीच्या तीन प्रती, दोन भिन्न साधनांवर आणि त्यांपैकी एक कार्यालयाबाहेर, हा रूढ नियम आहे. किमान एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली असावी. दर तिमाहीस एखादी फाइल बॅकअपमधून परत मिळवून पाहावी. न तपासलेल्या बॅकअपवर विसंबणे धोक्याचे ठरते.

कायद्याची अपेक्षाही याच दिशेची आहे. वस्तू व सेवा कराच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जतन कराव्या लागतात. कंपनी म्हणून नोंदणी झालेल्या उद्योगांना इलेक्ट्रॉनिक हिशेबपुस्तकांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवणे बंधनकारक आहे. ‘सर्ट-इन’च्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांत द्यावी लागते आणि संगणक-प्रणालीच्या नोंदी १८० दिवस राखाव्या लागतात, लघुउद्योगांना पूर्वतयारीसाठी दिलेली मुदत २५ सप्टेंबर २०२२ रोजी संपली. कोणी, केव्हा, कोणती फाइल उघडली याची नोंदच सर्व्हर ठेवत नसेल, तर हानी कोठून सुरू झाली हे सांगणे दुरापास्त होते.

समारोप

यंत्र बिघडले तर उत्पादन थांबते, हे प्रत्येक कारखानदार जाणतो आणि त्याच्या देखभालीसाठी तरतूद करतो. माहितीच्या बाबतीत ही जाणीव अद्याप पुरेशी रुजलेली नाही. सर्व्हर ही एकदाच करावयाची खरेदी नसून उद्योगातील एक छोटी संस्था आहे. तिची नियमावली एका कागदावर मावते : पत्त्यांची यादी, गटांची यादी, बॅकअपचे वेळापत्रक आणि जबाबदार व्यक्तीचे नाव. हा कागद तंत्रज्ञाच्या डोक्यात न राहता मालकाच्या कपाटात असावा, म्हणजे तंत्रज्ञ बदलला तरी उद्योगाचे दप्तर उद्योगाच्याच ताब्यात राहील.