व्हाइटफील्ड : धुराविना उद्योग, फेसाळलेला तलाव

बंगळुरूच्या पूर्वेस व्हाइटफील्ड येथे १९९०च्या दशकात भारत व सिंगापूर यांच्या सहकार्यातून माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले. या उद्योगाला धुराडी नव्हती. रोजगार मात्र विपुल होता. त्यापाठोपाठ वसाहती वाढल्या. सांडपाणी शुद्धीकरणाची क्षमता त्या वेगाने वाढली नाही. शहराचे सांडपाणी बेळ्ळंदूर तलावातून जवळच्या वर्तूर तलावात जात असे. सांडव्यावरून कोसळताना त्यातील साबणद्रव्ये घुसळली जाऊन फेस होई. २०१५ मध्ये हा फेस रस्त्यांवर आला.

येथील प्रदूषणाचे मूळ केवळ कारखान्यांत नसून नियोजनाला मागे टाकणाऱ्या नागरीकरणात आहे, हा भेद विद्यार्थ्यांनी ध्यानी घ्यावा. सांडपाण्याचे शुद्धीकरण व पुनर्वापर हे उपायही तंत्रज्ञानच पुरविते. परंतु बांधकामाच्या परवानगीपूर्वी ती क्षमता उभारणे हे प्रशासनाचे कर्तव्य ठरते.