गिऱ्हाईक सांगेल तेवढं कापू नकोस

चि. ओंकार,

फोनवर मशीनच्या आवाजात निम्मं ऐकू येत नाही, म्हणून गावाहून लिहितोय. आपल्या गोखिवऱ्याच्या गाळ्यात एस्टीमचं १.३ इंजिन रॅलीसाठी आलंय आणि गिऱ्हाईक म्हणतंय, ब्लॉकचा माथा अर्धा मिलिमीटर उतरवा, कॉम्प्रेशन वाढवा. लगेच कटर लावू नकोस. आधी हिशेब कर. बोअर ७४, स्ट्रोक ७५.५. कॉम्प्रेशन ९ धरलं, तर अर्धा मिलिमीटर काढूनही ते साडेनवाच्या आतच राहतं. एवढ्याशा वाढीसाठी पिस्टन व्हॉल्व्हच्या तेवढा जवळ जाणार, बेल्ट सैल होणार, कॅमचं टायमिंग मागे पडणार. कॉम्प्रेशन पिस्टन बदलून वाढवावं. माथा उतरवायचा तो सपाटीसाठी.

माप जुन्या माथ्यावरून घेऊ नकोस. तो आधी कुणी तिरका मारला असेल, तर तूही तिरकाच मारशील. मेन बेअरिंगच्या कॅप टॉर्कला आवळ, त्या बेअरिंगच्या बोअरमध्ये ग्राइंड केलेला बार घाल आणि दोन्ही टोकांना त्यावरून डायल गेज लाव. नाहीतर पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन वेगळं निघेल. क्लॅम्प आवळल्यावर डायल पुन्हा फिरव. अ‍ॅल्युमिनियम वाकतं, आणि क्लॅम्प सोडला की कापलेलं सगळं फुगीर दिसतं.

आता आपल्या गाळ्याच्या पत्र्याच्या छपराचं. दुपारी आत भट्टी असते. २०० मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियम १५ अंशांनी तापलं की जवळपास ७ शतांश वाढतं. तुझा पोलादी मायक्रोमीटरही वाढतो, पण निम्माच. म्हणजे सकाळचं आणि दुपारचं माप कधीच जुळणार नाही. जॉब रात्रभर मशीनवरच राहू दे, सकाळी शटर उघडल्या उघडल्या मोज आणि काप. उन्हाची तिरीप एका बाजूला पडत असेल, तर ताडपत्री बांध.

खरी कटकट लाइनरची. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, लाइनर बिडाचे. हिऱ्याची टिप अ‍ॅल्युमिनियमला आरसा करते, पण बीड तिला खाऊन टाकतं. बीड कापायच्या टिपला अ‍ॅल्युमिनियम चिकटतं. म्हणून नवी कोरी धार असलेलं कार्बाइड लाव, फीड हळू, शेवटचा कट दोन-तीन शतांशाचा, वर थोडं रॉकेल. मग लाइनरच्या कडेवरून डायल ने. पायरी लागली तर जॉब झालेला नाही. गिऱ्हाइकाला पत्र्याच्या थरांचं गॅस्केट बसवायचंय, त्या गॅस्केटला ०.८ मायक्रॉन किंवा त्याहून गुळगुळीत माथा लागतो. नुसतं चकाकतंय म्हणून सोडू नकोस. फिनिश मोजायचं यंत्र आपल्याकडे नाही, शेजारच्या गाळ्यातून मागून आण.

हे सगळं गिऱ्हाइकाला कागदावर आकडे मांडून सांग. तरीही अर्धा मिलिमीटरच पाहिजे म्हणाला, तर ब्लॉक त्याच्या टेंपोत परत चढव. भाडं आपण देऊ.

तुझा,
मामा