पुरूने दिले, ययातीने परत केले

जबलपूरच्या ग्वारीघाटावर उन्हाळ्यात नर्मदामाईच्या सायंआरतीपूर्वी बरीच वृद्ध मंडळी पायऱ्यांवर येऊन बसतात. दिवसभर तापलेला दगड तेव्हाही ऊनच असतो. परंतु पाय पाण्यात सोडले की जीव निवतो. आम्ही चार मित्रही तेथे नित्य बसतो. घराणी मूळची महाराष्ट्रातील, पण पिढ्या नर्मदातीरी गेलेल्या. एक निवृत्त शिक्षक, त्यांना आम्ही गुरुजी म्हणतो. दुसरे येथील उच्च न्यायालयात आयुष्यभर वकिली केलेले. तिसरे रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेले नाना. आणि चौथा मी. चौघांनीही सत्तरी ओलांडली आहे.

वैशाखातील एका सायंकाळी वकीलसाहेब उपरण्याने घाम टिपीत म्हणाले, “हा उन्हाळा आता सोसवत नाही. याच उन्हात आपण सायकलीवरून गावभर हिंडत होतो, हे खरे वाटत नाही.”

गुरुजी म्हणाले, “गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तेरावा आणि चौदावा श्लोक शेजारी शेजारी आहेत. तेराव्यात भगवंत सांगतात की, देहाला जसे बालपण, तारुण्य आणि वार्धक्य, तसाच पुढे दुसरा देह. शहाण्याने त्याने गोंधळून जाऊ नये. लगेच चौदाव्यात शीत आणि उष्ण यांचा विषय येतो. हे स्पर्श येतात आणि जातात, ते सोसावे. म्हातारपण हेही ऋतूसारखेच आहे. त्याच्यावर रागावून ते लवकर सरत नाही.”

“म्हणजे दातओठ खाऊन सोसत राहावे?” वकीलसाहेबांनी विचारले.

“मुळीच नव्हे. माठातले पाणी प्यावे, खिडकीला वाळ्याचा पडदा लावावा, भर दुपारी बाहेर पडू नये. उपाय जरूर करावा. परंतु उपाय करूनही जो ताप उरतो, त्यापायी घरच्यांवर तापू नये. अंग तापले तरी वाणी तापू द्यायची नाही, ही गृहस्थाची तितिक्षा. आपल्याकडून नागपूरला जाताना शिवनी लागते ना? त्या शिवनीच्या तुरुंगात १९४४ साली विनोबांनी दुसऱ्या अध्यायातील अखेरच्या १८ श्लोकांवर व्याख्याने दिली. तीच पुढे ‘स्थितप्रज्ञ-दर्शन’ या नावाने ग्रंथरूप झाली. तुरुंगात ऊन-थंडी निवडण्याची सोय नसते. चित्त कसे ठेवावे, एवढेच आपल्या हाती उरते.”

नाना इतका वेळ गप्प होते. आता ते सावकाश बोलू लागले. त्यांच्या एकुलत्या मुलास पुण्यात वरच्या दर्जाची जागा मिळत होती. सोमवारपर्यंत होकार किंवा नकार कळवावयाचा होता. मुलगा म्हणाला होता, “बाबा, तुम्ही नर्मदा सोडून येणार नाही, आणि तुम्हांला एकटे ठेवून मी जाणार नाही. मी नकार कळवितो.” हे सांगताना नानांचा कंठ दाटून आला. “माझ्या घरी पुरूच जन्मला, असे मला वाटले,” ते म्हणाले.

गुरुजी क्षणभर थांबले आणि म्हणाले, “नाना, पुरूचे नाव घेतलेत, तर ती कथा शेवटपर्यंत पाहू.”

कथा सर्वांस परिचित आहे. शुक्राचार्यांच्या शापाने ययातीला अकाली जरा आली. उपभोगाची तृप्ती झाली नव्हती, म्हणून त्याने एकेका पुत्राकडे तारुण्य मागितले. यदूने वार्धक्याचे दोष सांगून नकार दिला. तुर्वसू, द्रुह्यू आणि अनू यांनीही नाकारले. सर्वांत धाकट्या पुरूने मात्र पित्याची जरा स्वतःच्या अंगावर घेतली. आपण कीर्तनात ही कथा ऐकतो, पुरूला धन्य म्हणतो आणि तेथेच थांबतो. महाभारत तेथे थांबत नाही. सहस्र वर्षे भोग भोगून ययातीला कळले की, तुपाने अग्नी विझत नाही, तशी भोगाने वासना शमत नाही. मग त्याने पुत्राचे तारुण्य पुत्राला परत केले, त्याला राज्य दिले आणि स्वतःची जरा स्वतःच्या अंगावर घेऊन तो वनात गेला. कथेतील पहिला त्याग पुत्राचा. दुसरा, फार उशिरा झालेला, पित्याचा.

“आणखी एक पाहा,” गुरुजी म्हणाले. “पुरूच्या वंशात अर्जुन झाला, आणि नकार देणाऱ्या यदूच्या वंशात श्रीकृष्ण अवतरले. गीता ऐकणारा एका कुळाचा, सांगणारे दुसऱ्या कुळाचे. जो पुत्र ‘नाही’ म्हणाला, त्याच्या कुळालाही देवाने टाकले नाही.”

नाना काहीसे दुखावले. “पण मी ययातीसारखे मागितले कोठे? मी तर एक शब्द बोललो नाही.”

वकीलसाहेबांची जुनी सवय जागी झाली. “शब्द बोलला नाहीत, हे मान्य. परंतु पुण्याची बातमी ऐकली त्या रात्री काय केलेत?”

नाना पाण्याकडे पाहत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, “त्या रात्री मी जेवलो नाही.”

पुढे कोणी काही बोलले नाही. मला मात्र शंतनूची आठवण झाली. सत्यवतीच्या पित्याची अट ऐकून शंतनू घरी परतला. त्याने देवव्रताजवळ काहीच मागितले नाही. तो केवळ खिन्न राहिला. पुत्राने त्या खिन्नतेचे कारण शोधून काढले आणि राज्य व संसार दोन्ही सोडण्याची भीष्मप्रतिज्ञा केली. ययातीने निदान स्पष्ट मागितले, म्हणून चार पुत्रांना नाही म्हणता आले. न बोलता मागणाऱ्याला नाही कसे म्हणावे?

वाचकहो, त्यागाच्या कथा वाचताना आपण नेहमी देणाऱ्याच्या बाजूला उभे राहतो. म्हातारपणी त्याच कथा घेणाऱ्याच्या जागी बसून वाचावयास हव्यात. दधीचींनी अस्थी दिल्या, त्यांचे वज्र झाले आणि वृत्राच्या संकटातून लोकांचे रक्षण झाले. भागवतातील रंतिदेवाने ४८ दिवसांच्या उपासानंतर हाती आलेले अन्न अतिथींना दिले आणि उरलेले पाणीही तहानेने व्याकूळ झालेल्या मनुष्याच्या ओंजळीत ओतले. पुरूने तारुण्य दिले. तिन्ही दाते थोर आहेत. पण घेणाऱ्यांच्या गरजा सारख्या नाहीत. पाणी मागणाऱ्याला तहान होती; ययातीला हाव होती. मुलगा काही सोडून देत असेल, तेव्हा वडिलांनी आपल्या मनाला विचारावे, “ही माझी तहान की हाव?”

याचा अर्थ मुलांनी वृद्ध मातापित्यांस सोडून जावे, असा नव्हे. जो अंथरुणाला खिळला आहे, ज्याला दुसरा आधार नाही, त्याची तहान खरी आहे. त्याची सेवा हा यज्ञच होय. अठराव्या अध्यायात भगवंत नेमून दिलेले कर्म टाकण्याला त्याग म्हणत नाहीत. मोहाने टाकले तर तो तामस, कष्टाच्या भयाने टाकले तर राजस. आसक्ती आणि फळाची आशा सोडून कर्तव्य करीत राहणे, हाच सात्त्विक त्याग. वडिलांनाही हेच लागू आहे. “जा, मला तुझी गरज नाही,” असे रागाने म्हणणे हा त्याग नव्हे. प्रेम तसेच ठेवून हक्क तेवढा सोडावयाचा आहे, आणि तेच कठीण आहे.

रविवारी नानांनी मुलाला जवळ बसवून होकार कळविण्यास सांगितले. मुलगा सहजासहजी ऐकेना. तेव्हा पावसाळ्याचे चार महिने आपण पुण्यास येऊन राहू, एरवी रोज रात्री दूरध्वनीवर बोलू, असे ठरले. शेजारच्या किल्लीची जबाबदारी आम्ही घेतली. मुलाची गाडी सुटली त्या दिवशी नाना घाटावर आले, तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. ते दुःख आम्ही पुसण्याचा प्रयत्न केला नाही.

दगड त्या दिवशीही तापलेलाच होता. नानांनी पाय पाण्यात सोडले आणि थोड्या वेळाने म्हणाले, “गुरुजी, वाईट वाटते. पण त्या रात्रीसारखी जळजळ नाही.”

बाराव्या अध्यायात भगवंतांनी त्यागापाठोपाठ शांती येते असे सांगितले आहे. शांती आली म्हणजे डोळ्यांतले पाणी आटते, असे मात्र तेथे कोठेही म्हटलेले नाही.