प्रवेशाची चिंता आणि कर्माची पाच कारणे

ज्येष्ठाच्या उन्हात दिल्ली तापलेली असते आणि त्याच दिवसांत अनेक गृहस्थांची घरे आतूनही तापलेली असतात. बारावीचे निकाल लागून गेलेले, प्रवेशपरीक्षांचे गुण हाती येऊ लागलेले. गाझियाबाद-नोएडापासून गुरुग्रामपर्यंत घरोघरी एकच प्रश्न, आपल्या मुलाला जागा मिळेल काय?

हे भय निराधार नव्हे. २०२१ साली दिल्ली विद्यापीठाच्या काही महाविद्यालयांनी पहिल्याच यादीत काही अभ्यासक्रमांसाठी पुरे १०० टक्के गुण मागितले होते. २०२२ पासून त्या याद्या जाऊन केंद्रीय विद्यापीठांची सामायिक परीक्षा आली; चिंता होती तेथेच राहिली. २०२४ साली देशातील सर्व आय.आय.टी. मिळून १७,७४० जागा होत्या आणि अंतिम परीक्षेस बसलेले विद्यार्थी सुमारे १,८०,०००. दहांतील नऊ जण परत फिरणार, हे परीक्षेपूर्वीच ठरलेले होते.

अशा वेळी वडीलधारी मंडळी मुलाला दुसऱ्या अध्यायातील सत्तेचाळिसावा श्लोक ऐकवितात. ऐकविणे योग्यच, परंतु मुलाला श्लोक सांगून स्वतः मध्यरात्रीपर्यंत मागील वर्षांचे गुण ताडून पाहत बसावे, याला काय म्हणावे? शिवाय त्या श्लोकाचा शेवटचा चरण बहुधा विसरला जातो. तेथे अकर्माचीही आसक्ती नको, असे बजावले आहे. फळ देवाच्या हाती म्हणून अर्ज निष्काळजीपणे भरणे हा कर्मयोग नव्हे.

आम्हांस येथे अठराव्या अध्यायातील चौदावा श्लोक अधिक उपयोगी वाटतो. कर्मसिद्धीची पाच कारणे भगवंतांनी तेथे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, चेष्टा आणि पाचवे दैव. अधिष्ठान म्हणजे देह. परीक्षेच्या सकाळी त्याला ज्वरही येऊ शकतो. विद्यार्थी हा कर्ता, इंद्रिये व बुद्धी ही करणे, वर्षभराचा अभ्यास ही चेष्टा. प्रश्नपत्रिका कशी निघाली, त्या वर्षी किती जण बसले, त्यांस किती गुण पडले, हे सारे दैवाकडे. पुढे सोळाव्या श्लोकात, केवळ स्वतःलाच कर्ता मानणाऱ्यास यथार्थ दिसत नाही, असे म्हटले आहे. हे पहिल्या आलेल्या मुलालाही लागू आहे. आणि जागा हुकलेल्या मुलाला ‘तूच कमी पडलास’ म्हणणारा पिता पाचांतील एकाच कारणाकडे पाहत असतो.

आता पसंतिक्रमाचे पाहू. दिल्ली विद्यापीठाच्या अर्जात महाविद्यालय व अभ्यासक्रम यांच्या जोड्या आवडीच्या क्रमाने लिहावयाच्या असतात. वाटप गुणानुक्रमे होते. विद्यार्थ्याची यादी वरून खाली पाहत, त्याच्या गुणांस मिळू शकेल ती पहिली जागा त्याला दिली जाते. वरची अवघड जागा हुकली म्हणून खालची हातची जात नाही. तेव्हा संभव थोडा म्हणून मनातली आवड खोडण्याचे कारणच उरत नाही. क्रम प्रामाणिकपणे लावावा व यादी खालपर्यंत भरावी. मात्र मिळालेली जागा मुदतीत न स्वीकारल्यास पुढील फेऱ्यांतून बाद व्हावे लागते. म्हणून जेथे जावयाचे नाही असे नाव लिहू नये.

राहिली ती पालकांची जाग्रणे. तीच अपत्याविषयीची निष्ठा, असे पुष्कळांस वाटते. परंतु भय, शोक, विषाद ज्या धृतीमुळे सुटत नाहीत ती तामसी, असे त्याच अध्यायातील पस्तिसाव्या श्लोकात सांगितले आहे. तीही धृतीच, फक्त घट्ट धरले आहे ते भय.

आमच्या परिचयातील नोएडाचे एक गृहस्थ असेच तीन रात्री आकडे मांडीत बसले होते. चौथ्या रात्री कन्या म्हणाली, “बाबा, तुम्हांला कोणते कॉलेज हवे आहे ते सांगून टाका, मी ते सर्वांत शेवटी लिहिते.” गृहस्थ हसले, मग गप्प झाले. दुसऱ्या दिवशी यादी मुलीने आपल्या हाताने भरली, इतिहास सर्वांत वर. वडिलांनी मुदतीची तारीख पाहिली आणि दाखल्यांवरील नावाचे स्पेलिंग तपासले.