तेहतीस इंचाचे टायर

आमचं रान शनी शिंगणापूरच्या शिवारात, मुळा उजव्या कालव्याच्या पाण्यावरचं. माती काळी, पीक ऊस आणि कांदा. घरी १९९२ ची महिंद्रा एमएम ५४० आहे, प्यूजोच्या २११२ सीसी डिझेल इंजिनाची, फोर व्हील ड्राइव्ह. उसाची तोड चालू झाली की तिच्यामागं छोटी ट्रॉली जोडून जनावरांना वाढे आणायचे, हे वडिलांच्या काळापासूनचं काम. रानातून चारीचा भराव चढून रस्त्यावर यायचं, एवढाच काय तो अवघड टप्पा.

तिथंच ती एके वर्षी अडकायला लागली. खरं तर त्याच्या चारच महिने आधी मी टायर बदलले होते. आधीचे टायर उंचीला साधारण २९ इंच. मी ३३ इंचाचे, रुंद, दाणेदार घातले. गाडी दिसायला लागली झकास, पोरं फोटो काढायची. पिकअप गेला तेव्हा टायरकडं बोट दाखवायची हिंमत माझीच होईना. इतके पैसे घातलेले! म्हटलं, इंजिन म्हातारं झालं.

मग पंपवाला गाठला. त्यानं पंपाचं सील तोडून डिझेलचा स्क्रू फिरवला आणि म्हणाला, "आता बघा भाऊ, रॉकेट." हायवेवर खरंच बरी पळाली. भरावावर मात्र तसाच जीव जायचा, वर मागं काळा धूर. त्या धुराचंही मला कौतुक वाटायचं, हे आता सांगायला लाज वाटते. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल. बिनटर्बोच्या इंजिनात एका फेऱ्याला हवा जेवढी येते तेवढीच येते. त्या हवेत जळेल त्याहून जास्त डिझेल टाकलं की ताकद वाढत नाही, धूर आणि उष्णता वाढते. कमी आरपीएमवर जोर लावताना तर पाणी आणि पंख्याचा वाराही कमी फिरतो. दुसऱ्या महिन्यात हेड गॅसकेट उडालं. खोललं तर हेडला वाल्व्हांच्या मधे केसाएवढी चीर.

हेड बदललं, तरी शहाणपण आलं नाही. ते आलं शनी अमावस्येला. त्या दिवशी घोडेगाव फाट्यापासून शनीच्या देवस्थानापर्यंत गाड्यांची मुंग्यांसारखी रांग लागते. पहिला गिअर टाकला तरी उंच चाकांमुळे गाडी जरुरीपेक्षा जोरात सरकायची, म्हणून मी तासभर अर्ध्या क्लचवर रेटत राहिलो. पुढच्या गाडीतल्या बाई खाली उतरून म्हणाल्या, "दादा, तुमचं काहीतरी जळतंय." जळत होती क्लच प्लेट.

सोनईच्या ज्या मेकॅनिककडं गाडी ओढून नेली, त्यानं बॉनेट उघडलंच नाही. खाली बसून चाकाला टेप लावला आणि पाटीवर हिशोब मांडला. चाक २९ चं ३३ झालं, म्हणजे इंजिन तेच, गिअर तेच, पण जमिनीवर पोचणारी ओढ १२ टक्क्यांनी कमी. लांब दांड्याच्या टोकाला वजन जड लागतं, तसंच. मग त्यानं गिअरच्या दांड्याशेजारचा 'लो' गिअरचा, म्हणजे ट्रान्स्फर केसचा, दांडा हलवून पाहिला. हलेना. बारा-पंधरा वर्षांत आमच्याकडं कुणी तो वापरलाच नव्हता. ट्रान्स्फर केसमधलं तेल डांबरासारखं झालेलं, आतली दांडी गंजून बसलेली. "ओढ अडीच पट करायचा दांडा गाडीत आहे," तो म्हणाला, "आणि तुम्ही पंप फिरवत बसलात."

गोष्ट खरी आहे. या गाडीची ट्रान्स्फर केस लोमध्ये ओढ २.४६ पट करते. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपलाही साठेक हॉर्सपॉवरचं इंजिन, ४.८८ चं क्राउन-पिनियन आणि ६.००-१६ चे अरुंद टायर होते. चिखलातून ट्रेलर ओढायचा तो गिअरांच्या जोरावर.

तेव्हा जुन्या गाडीचा खालचा दम वाढवायचा असेल तर आधी चाक मूळ मापावर आणा. मग बघा, गाडीत आहे तेवढी ताकद तरी चाकापर्यंत पोचते का. एकेक चाक जॅकवर उचलून हातानं फिरवा, ब्रेक धरत असेल तर तिथंच निम्मा खेळ संपतो. एअर क्लीनर धुवा. आमच्या भागात उसाच्या गाड्यांची धूळ असते, कंपनीच्या पुस्तकातल्या मुदतीवर विसंबू नका. टॅपेट, नोझल, पंपाचं टायमिंग मूळ मापावर लावून घ्या आणि कॉम्प्रेशन मोजा. रिंगा झिजल्या की पहिला फटका खालच्या पिकअपलाच बसतो, कारण पिस्टन सावकाश चालतो तेव्हा हवेला निसटायला जास्त वेळ मिळतो.

एवढं करूनही मोठे टायरच हवे असतील, तर क्राउन-पिनियन बदला. आपलं कोणतं आहे ते घरी मोजता येतं. चाकांना दगड लावा, गाडी न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. मागचं एकच चाक उचला, ते बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रॉपेलर शाफ्टचे फेरे मोजा. पाचाला थोडे कमी आले तर ३९ बाय ८ दात, म्हणजे ४.८८. पाच आणि वर तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त आलं तर ४३ बाय ८, म्हणजे ५.३८. पण बदलायचं तर पुढचं आणि मागचं दोन्ही. ओळखीतल्या एकानं खर्च वाचवायला फक्त मागचं बदललं आणि फोर व्हील टाकून खडीच्या रस्त्यावर निघाला. पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडत राहिली, शेवटी ट्रान्स्फर केस फुटली. तशीही फोर व्हील कोरड्या डांबरावर टाकू नये. आणि लोमध्ये झटका देऊ नका, क्रॉस नाहीतर एक्सल तुटतो.

इंजिनच बदलायचा विचार असेल तर आधी आरटीओत चौकशी करा. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मूळ रचनेत फेरफार करण्यावर स्पष्ट बोट ठेवलंय, आणि नोंदणीचं नूतनीकरण पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी लागतंच.

काळ्या रानात पाऊस पडून गेला असेल तर मात्र कुठलाच टॉर्क कामाचा नाही. चाकाला माती चिकटून त्याचा गुळगुळीत गोळा होतो. तिथं मी चाकाखाली पाचट टाकतो, टायरची थोडी हवा सोडतो आणि नाहीच जमलं तर ट्रॉली सोडून घरी येतो.

आता भरावावर लो, पहिला गिअर, पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला, आणि गाडी घड्याळाच्या काट्यासारखी वर येते. ते ३३ इंचाचे चार टायर ओसरीवर पडून आहेत. आमच्या गावात घरांना दारं न लावायची रीत, म्हटलं कुणीतरी नेईल. चार वर्षं झाली, अजून कुणी नेलेले नाहीत.