उसातलं सोयाबीन: आधी सावली बघा

आमच्या वाळवा तालुक्यात आडसाली लावणीत सोयाबीन टोकायची पद्धत जुनी. उसाचं बिल हाती पडायला दीड वर्ष जातं; सोयाबीन दसरा-दिवाळीला पैसा दाखवतं. माणूस भुलतो तो इथं. जमिनीच्या सुपीकतेची गोष्ट नंतर निघते.

मला दणका बसला तणनाशकाचा. उसाचं म्हणून दुकानातून जे औषध मिळालं, त्यात टू-फोर-डी होतं. उसाला ते चालतं, रुंद पानाच्या पिकाला नाही. शेंडे वाकले, देठ पिळवटले, बघता बघता सोयाबीन गेलं. तेव्हा औषध घेताना ‘उसात सोयाबीन आहे’ हे आधी सांगा. ॲट्राझीनही नको. टोकणीनंतर उगवण्याआधी, ओलीवर पेंडिमेथॅलिन चालतं, पुढं खुरपं.

पण औषधापेक्षा जास्त नुकसान सावली करते, आणि ते दिसत नाही. उसाचे फुटवे पहिल्या तीन-चार महिन्यांत ठरतात. नेमकं तेव्हाच फुले संगमसारखं उंच, फांद्या पसरणारं वाण दोन्ही बगलांना दाट असलं, की कोंब पिवळट, बारीक राहतात. सोयाबीनची पोती मोजताना हे ध्यानात येत नाही, उसाच्या तोडणीला येतं. साडेचार-पाच फुटी सरी, वरंब्याच्या एकाच बगलेला एक ओळ, बुटकं आणि लवकर निघणारं वाण, एवढ्यावर थांबावं.

बियाण्याला रायझोबियम चोळा. फुलोऱ्यात एखादं झाड मातीसकट उकरून मुळावरची गाठ नखानं फोडा. आत गुलाबी दिसली तर नत्राचं काम चालू आहे. पांढरी असेल तर नाही. तरी उसाचा खताचा हप्ता तोडू नका. बराचसा नत्र दाण्यातून बाजारात जातो. रानात राहतात मुळं आणि पाला. म्हणून झाडं उपटू नका, जमिनीलगत कापा, मळणीचं भुसकट सरीत परत टाका. जमीनच सुधारायची असेल तर ताग किंवा धैंचा घ्यावा आणि फुलावर येताच, दीडेक महिन्यात गाडावा. पैसा नाही मिळत, हे खरं.

पूर्वहंगामी उसात हरभरा घेतात. पाटपाण्यावर मला ही जोडी पटत नाही: उसाला पाणी द्यावं तर हरभरा माजतो, घाटे धरत नाही.

सोयाबीन निघालं की लगेच खत देऊन मोठी बांधणी व्हायला हवी. कापणीची माणसं आधीच सांगून ठेवा. त्या आठवड्यात सगळ्या गावाचं एकदमच येतं.